पंधरा गॅलनची नीती

माणसाला सदाचारी करणे हे राज्याचे काम आहे का? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सने या प्रश्नाला पाच वर्षांत दोन परस्परविरोधी उत्तरे दिली. १८३३ साली तिथे चर्चसाठी सक्तीने कर घेण्याची जुनी पद्धत बंद झाली. श्रद्धा सक्तीने रुजत नाही, हे राज्याने मान्य केले. १८३८ साली मात्र त्याच राज्याने संयम सक्तीने रुजवायला घेतला. एका वेळी पंधरा गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ५७ लिटरपेक्षा, कमी कडक दारू विकायला बंदी आली. सूट होती ती औषधापुरती. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट स्वतः एकेकाळी बॉस्टनमधील चर्चचे धर्मोपदेशक होते. १८३९च्या निवडणुकीत ते हरले, आणि या कायद्यावरचा रोष हे त्याचे एक मोठे कारण होते.

हा रोष केवळ पिणाऱ्यांचा होता, असे म्हणून चालणार नाही. पिंपभर दारू एकदम विकत घेऊ शकणाऱ्या श्रीमंताला कायदा शिवतही नव्हता. पेल्याने पिणाऱ्या मजुराचा गुत्ता तेवढा बंद झाला. पाप हे पापच असेल, तर ते घाऊक घेतल्याने पुण्य कसे होईल? डेडहॅम गावात एकाने पट्टे रंगवलेले डुक्कर पाहण्याचे तिकीट लावले आणि तिकिटावर पेला फुकट दिला. कायद्याने संयम वाढला नाही, पळवाटा वाढल्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दारूची झळ पिणाऱ्यापुरती राहत नाही. बायकामुले उपाशी राहतात, मार खातात. ती हानी रोखणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. पण हानी रोखायची तर श्रीमंताच्या घरातली हानीही मोजावी लागते. ती वगळली की कायदा पीडितांचे रक्षण करत नाही, एका वर्गाला शिस्त लावतो.

दुसरा आक्षेप मतदानावरच आहे. त्या निवडणुकीत १,०२,०६६ मतांपैकी एव्हरेट यांचे प्रतिस्पर्धी मार्कस मॉर्टन यांना ५१,०३४ पडली; निम्म्याहून जास्त मते मिळवण्याची अट त्यांनी नेमक्या एका मताने पार केली. नीतीचा निवाडा एका मतावर सोडायचा का? नाही, आणि तो तसा झालाही नाही. दारू पिणे पाप आहे की नाही, हे त्या मताने ठरवले नाही. सक्तीचा अधिकार कोणाच्या हाती द्यायचा, एवढेच ठरवले. पापपुण्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाकडेच राहिला. पक्षातून आग्रह होऊनही एव्हरेट यांनी निकालाला आव्हान दिले नाही. तसे करायला कोणत्याही कायद्याने त्यांना भाग पाडले नव्हते, म्हणूनच त्या संयमाला नैतिक मोल आहे. १८४० साली तो कायदा रद्द झाला. दारू सोडा, असे सांगायला धर्मोपदेशक तेव्हाही मोकळे होते. फक्त आता त्यांना ऐकणाऱ्याचे मन वळवावे लागणार होते.