निष्ठा यंत्राची कीं कानाची?

‘हाय फिडेलिटी’, म्हणजे उच्च प्रतीची निष्ठा, हा शब्द ज्यानें प्रथम ध्वनियंत्रास लाविला त्यानें नकळत नीतिशास्त्राच्या प्रांतांत पाऊल टाकिलें. निष्ठा हा गुण आपण आजवर मित्रास, सेवकास, फार तर एखाद्या इमानी जनावरास देत आलों. तो आतां तारांच्या आणि धातूच्या एका पेटीस मिळाला आहे, आणि पेटी जितकी महाग तितकी तिची निष्ठा थोर असें दुकानदार सांगतो. घरीं संगीत ऐकण्याची जी यंत्रसामग्री असते तींत ‘रिसीव्हर’ हें मधलें ठाणें होय. आकाशवाणीच्या लहरी तो ग्रहण करितो, आणि त्यांतून किंवा तबकडीवरून आलेला क्षीण विद्युत्प्रवाह वाढवून कर्ण्यांकडे धाडितो. हा रिसीव्हर काढून त्याहून चांगला घ्यावा काय, हा प्रश्न वरवर पाहतां खिशाचा दिसतो. आमच्या मतें तो तेवढाच नाहीं. निष्ठा म्हटली कीं ती कोणाशीं, हा प्रश्न ओघानेंच येतो. आणि त्याचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं.

ह्या वादाचा निकाल एका वाक्यांत लावून मोकळे होणारे लोक पुष्कळ आहेत. ही सारी श्रीमंती हौस आहे, खऱ्या रसिकास मोडक्या रेडिओवरही गाणें पुरतें, असें ते म्हणतात. हा वैराग्याचा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण आम्हांस तो पटत नाहीं. तो खरा मानला तर मिरजेच्या तंतुवाद्यकारांनीं पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याच्या घोडीवर घालविलेला काळ व्यर्थ गेला असें म्हणावें लागेल. घोडीचा माथा कानसीनें केसाएवढा घांसावयाचा, तार छेडून पाहावयाची, पुन्हा घांसावयाचा. मग तारेखालीं दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवून जेथें स्वर फुलतो नेमका तेथेंच तो थांबवावयाचा. जवारी लागली म्हणजे खर्जाच्या तारेंतून कोणीं न छेडलेला गांधार आपोआप उमटूं लागतो. तो नीट ऐकूं येईपर्यंत श्रोत्यांचा खोळंबा पत्करणारे गवई आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांस कोणीं चैनी म्हटल्याचें ऐकिलें नाहीं. स्वर शुद्ध आणि भरदार ऐकूं यावा ही इच्छा संगीताच्या बाहेरची नव्हे. संगीताचा आरंभच तेथून होतो. तेव्हां घरच्या कर्ण्यांतून ती जवारी ऐकूं यावी म्हणून जो धडपडतो, तो त्या तंतुवाद्यकाराचाच दूरचा भाऊबंद समजला पाहिजे.

भेद आहे तो अन्यत्र. तंबोरा लागतो, आणि तो लागला हें गवयास कळतें. मग तो त्याकडे पाठ करून गाऊं लागतो. रिसीव्हर ‘लागला’ हें कळण्याची खूण कोणती?

ती खूण आपला कान देईल अशी आपली समजूत असते. इतिहासाची साक्ष मात्र तशी नाहीं. एडिसनच्या कंपनीनें १९१५ पासून सुमारें दहा वर्षें अमेरिकेंत गांवोगांव जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारीं फोनोग्राफ. मध्येंच दिवे मालवीत, आणि पुन्हा उजेड होई तेव्हां गायिका निघून गेलेली व गाणें यंत्रांतून चाललेलें असे. हा पालट आपणांस मुळींच कळला नाहीं, असें सांगत कित्येक श्रोते घरीं जात. ज्या यंत्राचा आवाज आज कोणासही डब्यांतून आल्यासारखा वाटेल, त्याविषयीं ही साक्ष! तिच्यामागें आणखी एक गंमत होती. गायिका आपला आवाज यंत्राच्या आवाजाबरहुकूम आवरून गात असत. तेथें यंत्र माणसाशीं निष्ठ नव्हतें, माणूसच यंत्राशीं निष्ठ होता.

हें जुनें झालें असें कोणी म्हणेल. जानेवारी १९८७ मध्यें ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ ह्या त्या वेळच्या अमेरिकन मासिकानें निरनिराळे ध्वनिवर्धक घेऊन परीक्षा केली. त्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग ह्यांच्या किंमतींत कित्येक पटींचें अंतर होतें. कोणता ध्वनिवर्धक चालू आहे हें श्रोत्यांपासून लपविलें, आवाजाची पातळी अगदीं सारखी राखली, आणि भेद ओळखावयास सांगितलें. श्रोत्यांत यंत्रांचे भेद मानणारेही होते आणि न मानणारेही होते. सर्वांच्या उत्तरांचा हिशेब केला तों तीं नाणें उडवून दिल्यासारखींच निघालीं. शक्तीचा हिशेबही असाच फसवा आहे. पन्नास वॅटांचा रिसीव्हर टाकून शंभर वॅटांचा आणिला तर आवाजांत केवळ ३ डेसिबलांची भर पडते, ती कानास जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट मोठा भासावा ह्यासाठीं शक्ति सुमारें दसपट लागते. यंत्र घरघरत असेल, त्याची एक बाजू मुकी झाली असेल, किंवा कर्ण्यांस पुरेशी शक्ति पुरविणें त्यास झेपत नसेल, तर तें बदलावें हें उघड आहे. एरवीं कर्णे बदलल्यानें, ते भिंतीपासून हातभर पुढें ओढल्यानें, किंवा उघड्या फरशीवर एक सतरंजी घातल्यानें जो फरक पडतो तो पेटी बदलून पडत नाहीं. पण सतरंजीची जाहिरात कोण करणार?

आतां कानाची दुसरी बाजू पाहूं, कारण आम्हांस जें सांगावयाचें आहे तें तेथें आहे. पुरुष गवयाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें सत्तर कंपनें करिते. हातांत मावणाऱ्या रेडिओच्या इवल्याशा कर्ण्यास इतका खालचा ध्वनि काढण्याची ताकदच नसते. तरीही त्या रेडिओवर आपणांस खर्ज ऐकूं येतो. तो कसा? यंत्र त्या तारेचे वरचे अंशस्वर तेवढे पोंचवितें, आणि त्यांच्या परस्परसंबंधावरून मूळ स्वर कोणता असला पाहिजे हें आपलें श्रवणच ठरवितें. जो स्वर खोलींत नाहीं तो आपण ऐकतों! ध्वनिशास्त्रांत ही गोष्ट सर्वमान्य आहे, परंतु तिचा जो तात्त्विक अर्थ आहे तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. ऐकणें म्हणजे भांड्यांत पाणी पडणें नव्हे; अर्धें काम ऐकणारा करीत असतो.

मात्र ह्या कामासही सीमा आहे. श्रवण स्वराची उंची भरून काढतें, त्याचें वजन भरून काढीत नाहीं. छातीस जाणवणारा तो खर्जाचा भार ज्यानें गवयापासून दहा हातांवर बसून अनुभविला आहे, तो रेडिओच्या सांगाड्यावर आपल्या आठवणीचें मांस चढवितो. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपते, आणि उत्तम रिसीव्हर लाविला तर तबकडीची खरखर अधिकच स्पष्ट होते, कारण निष्ठावान् यंत्र खरखरीशींही निष्ठावान् असतें. तरी त्या तीन मिनिटांत किराण्याचा षड्ज ज्यांस दिसतो ते श्रोते आहेत. ज्यानें तसा षड्ज समोर बसून कधींच ऐकला नाहीं तो मात्र कोणत्या शिदोरीवर उणीव भरून काढणार?

येथें मूळ प्रश्नास निराळें वळण लागतें. चांगल्या यंत्राची गरज जाणत्या श्रोत्यास कमी आणि अजाणत्यास अधिक, असें वरील विवेचनावरून निघतें. आणि व्यवहारांत पाहावें तों सारें उलटें. निसर्गानेंही ह्यांत आपली थट्टा भरली आहे. विशीच्या आंतल्या निरोगी कानास सेकंदास जवळ जवळ २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांस बारा-चौदा हजारांपलीकडे शुकशुकाट असतो. तबल्याच्या चाटीची धार आणि तंबोऱ्याची चकाकी ह्यांचा कांहीं अंश ह्या वरच्या मजल्यावर राहतो. म्हणजे यंत्राचें सूक्ष्म सौंदर्य भोगण्यास जो कान समर्थ आहे त्याच्या मालकाजवळ पैसा नाहीं, आणि पैसा हातीं येतो तेव्हां कानाचा तो मजला ओस पडलेला असतो. आमच्या वसतिगृहांतील मुलें मोबाइलच्या खालच्या कडेस असलेल्या छिद्रांतून भीमपलास ऐकतात. त्यांचे कान आमच्याहून चांगले आहेत, आणि तंबोरा म्हणजे डांसाच्या गुणगुणण्यासारखें कांहीं असावें अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

आमचे एक स्नेही गणिताचे अध्यापक आहेत. गेल्या बारा वर्षांत त्यांनीं चार रिसीव्हर पालटले, आणि पांचव्याविषयीं ते आमचा सल्ला घेत होते. श्रमाचा पैसा आपल्या आनंदासाठीं खर्च करण्याचा त्यांचा अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. अर्थशास्त्र येथेंच थांबतें, आणि त्यानें थांबावें हें योग्यही आहे. परंतु प्रत्येक नव्या पेटीबरोबर त्यांच्या ऐकण्याची तऱ्हा बदलत गेली, ती आम्हीं जवळून पाहिली आहे. पहिल्या यंत्रावर ते तासभर एक राग ऐकत. चौथ्यावर ते दहा तबकड्यांच्या पहिल्या दोन-दोन मिनिटांची तपासणी करितात. विलंबित पुरें होण्याच्या आंत त्यांचा हात कळीवर जातो. खोलींत खुर्ची एकच आहे, कारण दोन्हीं कर्ण्यांचा ध्वनि जेथें बरोबर जुळतो ती जागा एकाच माणसापुरती असते. ज्या संगीतास समोरून दाद आल्यावांचून रंग चढत नाहीं, तें एका खुर्चीपुरतें मोजून कापलेलें पाहून आम्हांस वाईट वाटलें, हें त्यांच्या तोंडावरही आम्हीं सांगितलें आहे.

आम्हीं त्यांस सुचविलें तें इतकेंच : पांचवा रिसीव्हर अवश्य घ्या, पण तो घरीं नेऊं नका. महाविद्यालयाच्या मागच्या इमारतींत एक लांबट खोली रिकामी आहे, तेथें तो ठेवा. शनिवारीं संध्याकाळीं मुलांस बोलवा, आणि एक ख्याल आरंभापासून अखेरपर्यंत, मध्यें कळ न फिरवितां, त्यांच्याबरोबर बसून ऐका. जें वरचें तुम्हांस ऐकूं येत नाहीं तें त्यांस येईल, आणि कशाकडे कान द्यावयाचा हें तुम्ही सांगाल. खुर्च्यांपेक्षां सतरंजी बरी, असेंही आम्हीं वर जोडलें.

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मुलें यंत्रास हात लावतील, त्या खोलीचे पत्रे पावसाळ्यांत वाजतात, असे दोन आक्षेप काढून ते उठले. ह्यास तीन आठवडे झाले. होकार अद्यापि आलेला नाहीं. परवां मात्र त्यांनीं आमच्याकडे त्या खोलीची लांबी-रुंदी विचारली.