औषधाचे उष्टे

भूतदया हा वारकरी पंथाचा प्राण आहे, हे माळकऱ्यांना नव्याने सांगायला नको. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून आपण जपून चालतो. पण जी हिंसा डोळ्यांना दिसत नाही, जी करावी असे कोणाच्याच मनात नसते आणि जिच्यात हजारो जणांचा थोडथोडा वाटा असतो, तिचा दोष कोणाच्या माथी? हा प्रश्न नुसता पंडितांच्या वादाचा नाही. तो आपल्या नदीचा आहे आणि आपल्या घरातल्या औषधाच्या पुडीचाही आहे.

1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला पेनिसिलिनचा शोध लागला आणि पुढे तशा औषधांची रांगच लागली. त्यांना प्रतिजैविके म्हणतात. बोलण्यात आपण अँटिबायोटिक म्हणतो. न्यूमोनिया, बाळंतिणीचा ताप, चिघळलेली जखम अशा ज्या दुखण्यांत माणूस हातचा जात असे, ती या औषधांनी आटोक्यात आली. तेव्हा औषधाला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

पण जेवण कितीही सात्त्विक असले तरी पानात उष्टे राहतेच. तसे औषधाचेही उष्टे राहते. पोटात गेलेली गोळी सगळीच अंगी लागत नाही. तिचा काही भाग, आणि कित्येक औषधांचा तर मोठा भाग, जसाच्या तसा मलमूत्रावाटे बाहेर पडतो व सांडपाण्यातून नदीला मिळतो. त्यात इस्पितळांची भर, गुराकोंबड्यांना दिलेल्या औषधांची भर, आणि औषधाच्या कारखान्यांची भर. सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे मुख्यतः गाळ आणि घाण काढण्यासाठी बांधलेली असतात; औषधाचे हे अंश त्यांच्या हातून पुष्कळ निसटतात. जिथे केंद्रच नाही, तिथे तर बोलायलाच नको.

यात बिघडते काय? 1945 साली नोबेल पारितोषिक घेताना खुद्द फ्लेमिंग यांनी सावध केले होते, की औषध अपुऱ्या प्रमाणात घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला सरावतात. त्यांनी हे रोग्याच्या शरीराविषयी सांगितले. आज तोच प्रकार गटारात आणि नदीत घडतो. पाण्यातल्या पातळ औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. शिवाय जंतू आपला हा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. मग कधीतरी एखाद्या लेकराला ताप येतो, डॉक्टर औषध देतात, आणि रोग त्या औषधाला दाद देत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते. ती लातूरकडून पुढे कर्नाटकात व तेलंगणात जाते आणि शेवटी गोदामाईला मिळते. वाटेत हैदराबादजवळच्या पाटणचेरू भागातले ओढे तिला मिळतात. तिथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासले व 2007 साली निष्कर्ष छापले. शुद्ध केल्यानंतरच्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध दर लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत निघाले. ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातसुद्धा इतके नसते! पुढे 2011 साली दिल्लीची पाहणी प्रसिद्ध झाली. नळाच्या पाण्याच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये, अत्यंत जालीम औषधांनाही निकामी करणारे जनुक आढळले.

आता कोणी म्हणेल, "कारखानदार जीव वाचवणारे औषध करतो, रोगी बरे होण्यासाठी ते घेतो. हेतू शुद्ध आहे, मग पाप कसले?" खरे आहे, आपल्या पंथात भावाला मोल आहे. पण भाव म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे. आई लेकराला प्रेमाने दूध देते, तसे ते फार कढत नाही ना, हेही बोट लावून पाहते. तेही प्रेमच. नकळत झाले तोवर माफी आहे. कळल्यावर डोळेझाक केली, तर हेतू शुद्ध राहिला असे म्हणता येत नाही.

दुसरा म्हणेल, "माझ्या एका गोळीने काय होणार?" अहो, गोपाळकाल्यात आपण मूठभर लाह्या घालतो, तेव्हा असे म्हणतो का? ज्याची शिदोरी मुठीएवढी, तोही प्रसादाचा पूर्ण धनी होतो. पुण्य वाटून घेताना आपण सर्वांचे आणि दोषाची वेळ आली की एकटे, हा न्याय देवाच्या दारी चालायचा नाही. मात्र वाटा सगळ्यांचा म्हणून सारखा नव्हे. ज्याच्या हाती कारखान्याचा नळ आहे त्याचा दोष मोठा, आणि ज्याच्या हाती कायदा आहे त्याचाही. केंद्र सरकारने 2020 च्या जानेवारीत कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. 2021 च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. पण कायदा गप्प बसला म्हणून धर्म गप्प बसत नाही.

तिसरा म्हणेल, "नदी पतितपावन, ती कशी विटाळेल?" नदीची पावनता आपल्याला मान्यच आहे. पण आई पोटात घालते म्हणून तिच्या ताटात विष कालवणारा पुत्र कसला? आळंदीची इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते, पुण्याची मुळा-मुठाही भीमेलाच मिळते, आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. वर जे सोडले त्याची वाट खालीच आहे.

नाथबाबांनी काशीहून आणलेल्या कावडीतले गंगाजल तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा घरोघरी सांगतात. आपण तिच्यातली दया पाहतो. पण ती दया फळली, कारण कावडीतले पाणी निर्मळ होते. खालच्या गावाला आपण रोज एक कावड पाठवतच असतो. तिच्यात काय भरतो, एवढे पाहिले पाहिजे.

करायचे ते अवघड नाही. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते, त्याला प्रतिजैविक लागू पडत नाही. म्हणून दिंडीत नाक गळू लागले की दुकानातून ती गोळी मागून घेऊ नये, आणि आपल्या पडशीतली दुसऱ्याला देऊ नये. डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, तेवढ्याच वेळा घ्यावी. उरलीच तर मोरीत किंवा नदीत टाकू नये. औषधवाल्याला किंवा आरोग्य केंद्रात विचारून तिची सोय लावावी. गुरांनाही पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. आणि ज्या गावात कारखान्याचे पाणी ओढ्याला मिळते, तिथल्या फडकऱ्यांनी आणि भजनी मंडळींनी ग्रामसभेत उभे राहून त्याचा जाब विचारावा. तीही सेवाच आहे.

नैवेद्याला उष्टे चालत नाही, हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. नदीच्या खालच्या काठावर जो ओंजळ भरून पाणी पितो, तो आपल्या ओळखीचा नसेल. पण त्याच्या हृदयात पांडुरंग आहे, असेच आपण रोज म्हणतो. मग त्याच्या ओंजळीत आपले उष्टे जाऊ नये, एवढे तरी आपण सांभाळू या.

रामकृष्णहरी.