किल्ल्याबाहेरची माणसं

गेले काही महिने मी दिवसा सुरतेत रिंग रोडच्या टेक्स्टाईल मार्केटमध्ये साड्यांची बिलं फाडतो आणि रात्री बाराव्या शतकातल्या पॅलेस्टाईनमध्ये घोडा दौडवतो. यान गियू नावाच्या स्वीडिश लेखकाची तीन कादंबऱ्यांची मालिका आहे, १९९८ ते २००० या काळात आलेली. तिचा नायक आर्न. प्रेमात पडल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्याला वीस वर्षं टेम्पलर योद्धा होऊन ख्रिस्ती धर्मयुद्धात, म्हणजे क्रुसेडमध्ये, राबावं लागतं. तिथे लुटारूंच्या तावडीतून तो एका अनोळखी माणसाला सोडवतो, आणि तो निघतो सलाहुद्दीन, म्हणजे साक्षात शत्रूचा सुलतान! इथपर्यंत येऊन पुस्तक मिटणारा माणूस मला दाखवा.

मावशीला हे रंगवून सांगितलं. ती महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली. नंदुरबारकडून लग्न होऊन उधन्यात आली ती इथलीच झाली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मजा येते?"

"प्रचंड."

"नेमकी कशाची?"

मी म्हटलं, "घोडे, किल्ले, वेढे. आणि शब्द पाळणारी माणसं. आमच्या मार्केटमध्ये कोणी शब्द देत नाही गं, 'पेमेंट सोमवारी' म्हणतात. कोणता सोमवार ते विचारायचं नसतं."

ती हसली. "मला नको सांगूस. मी बाबांच्या कपाटातल्या नाथमाधवांवर वाढले. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', मग 'स्थापना', मग 'कारभार', एकामागून एक. सिंहगडाच्या कड्यावरून पडून पाय कायमचे अधू झालेला तो माणूस, आणि कागदावर त्याने केवढी दौड मारली! तेव्हा वाचू नकोस असं मी म्हणणारच नाही. मला एवढंच सांग, तुझ्या त्या जेरुसलेममध्ये भाजी कोण विकत होतं?"

"कादंबरी भाजीमंडईवर नाहीये."

"तेच म्हणते मी. १०९९ च्या जुलैत तुझे क्रुसेडवाले कोट फोडून आत शिरले, तेव्हा मेले कोण? मुसलमान आणि ज्यू, सरसकट. त्यांच्यातल्या कितीजणांच्या हातात तलवार होती? आणि पुढची शंभर वर्षं ज्या गोष्टी तू रात्री चवीने वाचतोस, त्या त्याच दिवसावर उभ्या आहेत."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. हा लेखक एकांगी नाही, सलाहुद्दीनला त्याने खलनायक केलेलं नाही. तो शहाणा, उदार, दिलेला शब्द न मोडणारा. आणि ही चाल आजची नाही. वॉल्टर स्कॉटच्या १८२५ च्या 'द टॅलिस्मन'मध्ये सलाहुद्दीन हकिमाच्या वेषात येऊन आजारी इंग्लिश राजाला औषध देतो. दोन्ही बाजूंना मान मिळाला की वाचकाने आणखी काय मागायचं?

"हीच तर हातचलाखी आहे," मावशी म्हणाली. "दोन तलवारबहाद्दरांनी एकमेकांना मुजरा केला की आपल्याला वाटतं, चला, न्याय झाला. शत्रूला मोठं केलं म्हणून लेखकही खूश, वाचकही खूश. पण मोठं कोणाला केलं? सुलतानाला. तो तसाही मोठाच होता. मधली माणसं होती तिथेच राहिली."

हे मला झोंबलं, कारण माझा सगळा युक्तिवाद त्या मुजऱ्यावर उभा होता. म्हणून मी कादंबरी बाजूला ठेवून इतिहासातच आसरा शोधला. म्हटलं, ११८७ मध्ये सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतलं तेव्हा कत्तल केली नाही. खंडणी ठरवली. पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५. बालियान नावाच्या सरदाराने ३०,००० दिनार एकरकमी भरून ७,००० गरिबांना सोडवलं. काही माणसं सुलतानाने आपणहून फुकट सोडली. १०९९ च्या मानाने हे केवढं तरी माणुसकीचं.

"आहेच. आणि ज्यांचे भरले गेले नाहीत?"

"ते गुलाम झाले."

"किती?"

"हजारो."

"आणि तिथला मुख्य धर्मगुरू?"

मला ठाऊक होतं. तो आपले १० दिनार मोजून चर्चच्या सोन्यानाण्यासकट निघून गेला होता. ते बघून खुद्द सलाहुद्दीनच्या लोकांनी कपाळाला हात लावला म्हणे.

"म्हणजे पेट्या सुटल्या, माणसं अडकली," मावशी म्हणाली. "सुरतेत राहतोस तू, माणशी भाव किती याचा हिशेब तुला कळायला हवा. तो कादंबरीत कोणत्या पानावर येतो ते बघ. येतच नसेल तर तेही बघ."

मी अंतराचा मुद्दा काढला. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं, परक्या मुलुखातलं, ना आपल्या जातीचं ना गोताचं. त्यात कोणाचं काय दुखणार? मराठी माणसाला क्रुसेडची गोष्ट म्हणूनच निर्धास्त वाचता येते.

इथे मावशी शिक्षिकेच्या आवाजात बोलायला लागली. "महापालिकेत घरपट्टी भरायला जातोस ना? ते मुख्य कार्यालय ज्या इमारतीत आहे ती मुघलसराय, १६४४ ची. हजला निघालेले यात्रेकरू तिथे उतरत. हे बंदर म्हणजे मक्केचा दरवाजा होतं. १६९५ मध्ये औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज यात्रेकरू घेऊन मक्केकडून सुरतेला परतत होतं. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते भर समुद्रात लुटलं. जहाजावर बायका होत्या, त्यांचे जे हाल केले ते ऐकवत नाहीत. इथे एवढा संताप उसळला की वखारीतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या. आणि लंडनमध्ये? १७१२ साली या एव्हरीवर बेतलेलं नाटक लागलं. चाच्यांचा राजा! लोक तिकीट काढून बघायला गेले. लूट तीच, जहाज तेच. अंतर वर्षांचं नसतं रे. तू कोणत्या धक्क्यावर उभा राहून बघतोस, त्याचं असतं."

आता विषय जिथे येणार हे दोघांनाही माहीत होतं तिथे तो आला. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला तो टाळता येत नाही. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशी, बाकी गुजराती, ओडिया, उत्तर प्रदेशातली, काही मुसलमान. १९ फेब्रुवारीला शिवजयंती सगळे मिळून करतो. यंदा मुलांना महाराजांची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आहे, आणि मुलांची फर्माईश एकच: सुरतेच्या स्वारीची.

"म्हणजे महाराजांना तू त्या चाच्याच्या ओळीत बसवतेस," मी म्हणालो. थोडा चिडूनच.

"वेडा आहेस का?" तीही चिडली. "एव्हरीच्या मागे कोण होतं? त्याची हाव. शाएस्ताखान तीन वर्षं पुण्यात तळ ठोकून बसला, मुलूख उजाड केला. तो पैसा उभा कुठून करायचा? बादशहाच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून. कारण खरं होतं, मी त्याच्याबद्दल शंका घेत नाहीये. पण कारण खरं असलं म्हणून जळालेलं घर न जळालेलं होत नाही. या दोन गोष्टी तू एकाच खात्यात टाकतोस."

मग आम्ही १६६४ चा जानेवारी उलगडून बसलो. प्रसंगच असा की कादंबरीकाराने काही घालायची गरज नाही. बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर तळ. आत सुभेदार इनायतखान, जो नोंदींप्रमाणे ५०० स्वारांचा पगार घेत होता आणि स्वार ठेवत नव्हता. तो शहर वाऱ्यावर सोडून तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. तहाच्या मिषाने त्याने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर सुरा उगारला. अंगरक्षकाने त्याचा हातच तोडला, पण तो वेगात तसाच येऊन आदळला. दोघे खाली कोसळले आणि छावणीत ओरड झाली की राजे गेले, कैद्यांना कापा. महाराज उठले, कत्तल थांबवली.

"इथे टाळ्या पडतात," मी म्हणालो.

"पडू देत. पण पुढचं वाक्य?"

पुढचं वाक्य मला माहीत होतं. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज त्या वेळी छावणीत कैदी होता. त्याने सुटून आल्यावर जे सांगितलं ते वखारीच्या कागदांत आहे. कत्तल थांबली, मात्र काही कैद्यांची डोकी उडवली गेली, काहींचे हात तोडले गेले. शहरात आगी लागलेल्या होत्या. वीरजी व्होरा हा त्या काळचा सर्वांत धनाढ्य व्यापारी म्हणतात, त्याचा वाडा लुटला गेला. १६७० मध्ये पुन्हा स्वारी झाली तेव्हाचं तर मुलांना मी सांगणारही नव्हतो.

मी म्हटलं, "मावशी, असं प्रत्येक वाक्यापाशी थांबलो तर गोष्ट राहत नाही, पंचनामा होतो. मुलं उठून जातील. आणि मुलं उठून गेली तर तुझी ती मधली माणसंही कोणी ऐकणार नाही. लोक घोड्यासाठी येतात. आले की बाकीचं ऐकतात. तो थरार काढून घेतलास तर न्याय कोणाला सांगणार, रिकाम्या सतरंजीला?"

यावर ती बराच वेळ बोलली नाही. सुपारी कातरत राहिली. मला वाटतं हा मुद्दा तिला पटला होता, आणि पटला म्हणूनच आवडला नव्हता.

"ठीक," ती म्हणाली. "थरार ठेव. पण बसायची जागा बदल. दर वेळी घोड्यावरच कशाला बसतोस?"

मग मलाच सुचलं. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की महाराजांनी कापुचिन पाद्र्यांच्या मठाला हात लावू दिला नाही, आणि डच वखारीच्या एका दलालाचं घरही वाचलं. दलाल तेव्हा हयात नव्हता, पण जिवंतपणी दानधर्म करणारा म्हणून त्याचं नाव होतं. मोहनदास पारेख तो हाच असं मानतात. गोष्ट त्या घरातून सांगायची. दाराला अडसर, आत बायका-मुलं, बाहेर टापा. टापा जवळ येतात. दारापाशी थांबतात. कोणीतरी नाव विचारतं. आतला एकेक श्वास मोजता येईल. मग टापा पुढे निघून जातात. महाराजांची शिस्तही आली, भीतीही आली, आणि महाराजांचे हेर बहिर्जी नाईक कोणत्या घरात काय आहे याची माहिती काढून बसलेले असतीलच, तेही आले. मला तर हे आर्नच्या वाळवंटापेक्षा सरस वाटलं. गल्लीतला गुजराती मुलगा आणि खानदेशी मुलगा एकाच दाराआड बसून ऐकतील.

मावशीने मान डोलावली. "छान जमेल. टापा पुढे गेल्या म्हणालास. पुढे कुठे गेल्या?"

"शेजारच्या घराकडे."

"तो शेजारी दानधर्म करणारा नसेल. चिक्कूही असेल. त्याच्या पोरांचं काय?"

मी म्हटलं, ते माझ्या गोष्टीत येत नाही, माझी गोष्ट एका घराची आहे. कुठेतरी हद्द आखावीच लागते, नाहीतर कोणतीच गोष्ट सांगता येणार नाही.

"आख की. लेखकाला हद्द आखावी लागते हे मला कळतं. पण जी भिंत मध्ये आहे तिच्या पलीकडून आवाज येतच असणार. तो आवाज तुझ्या गोष्टीत येऊ दे. आत बसलेल्यांना सुटल्याचा आनंद झाला तो त्याच क्षणी, हेही येऊ दे. ते वाचल्याचा आनंद करणारे लोक वाईट नव्हते."

"आणि मुलांनी विचारलं, आपण कोणाच्या बाजूचे, तर काय सांगू?"

"तुला काय वाटतं ते सांग. महाराजांच्या बाजूचा आहेस, तर तसं सांग. मीही आहे."

"मग भांडतेयस कशाला?"

"तू ते न विचारता सांगणार होतास म्हणून," ती म्हणाली. "आणि शेजारच्या घराचं जर पोरांपैकी कोणी विचारलं नाही, तर मी पुढेच बसणार आहे. मी विचारीन."