वाहनपूजा आणि बादलीभर पाणी

खंडेनवमी-दसऱ्याला राहुरी परिसरात ट्रॅक्टर, ट्रक, मोटारी आणि दुचाक्या धुऊन काढतात. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू. पूजेआधी वस्तू स्वच्छ हवी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न पाणी किती लागते हा आहे. रबरी नळीतून मिनिटाला साधारण दहा-पंधरा लिटर पाणी येते, म्हणजे दहा मिनिटांत शंभराहून अधिक लिटर गटारात. तीच मोटार एका बादलीत निघते. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने, न दाबता झटकायची, कारण धुळीवर फडके घासले की वाळूचे कण रंगावर ओरखडे काढतात. मग पिळलेल्या फडक्याची घडी टपापासून खाली फिरवायची, घडी मळली की दुसरी बाजू घ्यायची, चाके शेवटी. अशी पुसलेली गाडी पूजेला चालते का?

धर्मशास्त्रात द्रव्यशुद्धीचा स्वतंत्र विचार आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचे साधन वस्तूप्रमाणे बदलते: काही चिकटलेले नसेल तर सोन्याच्या भांड्याला नुसते पाणी पुरते, तांबे-काशाला क्षार आणि आंबट लागते. धान्याची रास किंवा कपड्यांचा ढीग मोठा असेल तर वर पाणी शिंपडले तरी भागते. थोडेच असतील तर मात्र ते धुवावे लागतात. घाण लागलेल्या वस्तूला माती-पाणी किती, याचे उत्तर त्याच अध्यायात आहे: वास आणि डाग जाईपर्यंत. मापाचा आकडा नाही, मळच माप ठरवतो. धुळीने माखलेल्या मोटारीला या कसोटीवर बादली पुरेशी आहे. काळ्या मातीच्या शेतातून ऊस भरून आलेल्या ट्रॉलीला ती पुरणार नाही, आणि तिथे अधिक पाणी घेणे उधळपट्टीही ठरत नाही.

विधींमध्ये तर पाणी फारच थोडे असते. आचमनाला उडदाचा दाणा बुडेल एवढे पाणी पुरे मानले आहे. स्नानाचेही स्मृतींनी प्रकार केले: भस्माचे आग्नेय, मंत्रपूर्वक शिंपडण्याचे मांत्र, मनाने करायचे मानस, पाण्यात बुडी मारणे हा त्यांतला एक प्रकार. तेव्हा गाडीवर नळी सोडण्याला शास्त्राचा आधार शोधण्यात अर्थ नाही. ती हौस आहे, आणि शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली गाडी अधिक चकचकीत दिसावी ही ईर्षाही तिच्यात असते.

इस्लामचा युक्तिवाद वेगळा आहे. पाणी नसेल तर वुजूऐवजी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्याऐवजी, स्वच्छ मातीने तयम्मुम करण्याची सवलत कुराणातच आहे. पैगंबर एका मुद्द पाण्यात, म्हणजे सुमारे पाऊण लिटरात, वुजू करीत, असे हदीस सांगते. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, असे सांगणारी हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. इथे काटकसर टंचाईवर अवलंबून नाही. जैन विचार आणखी पुढे जातो. पाण्यातले किडे वाचवण्यासाठी ते गाळून घेणे वेगळे. अप्काय म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर असे जीव तो मानतो. त्यामुळे प्रत्येक जादा तांब्या ही हिंसा ठरते आणि तिचा हिशेब धरणाच्या पातळीशी जुळवता येत नाही.

वारकरी परंपरेतला प्रश्न पाण्यावर हक्क कोणाचा, हा आहे. संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे. त्यांनी ज्यांचे चरित्र लिहिले त्या पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला न्यायचे गंगाजल वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजले, अशी कथा आहे. पूजेचे पाणी गाढवाला दिल्याने पूजा मोडली की पुरी झाली? कथेचा कौल स्पष्ट आहे.

राहुरीत हा कौल दूरचा नाही. बारागाव नांदूरजवळच्या मुळा धरणाची, म्हणजे ज्ञानेश्वरसागराची क्षमता २६ टीएमसी. तिथून सोडलेले पाणी प्रवरेतून गोदावरीला मिळते आणि पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, पोचते. राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. दसराही याच दिवसांच्या आसपास येतो. अशा वर्षी राहुरीत नळीने धुतलेल्या गाड्यांमुळे पैठणच्या हिश्शात जाणवेल असा फरक पडत नाही. खरा वापर उसाचा आहे, आणि हे न बोलता केवळ मोटारवाल्यावर बोट ठेवणे सोयीचे. पण एकनाथांच्या कथेतही एका कावडीने साऱ्या वाळवंटाची तहान भागली नव्हती.

दोन्ही धरणे भरून वाहत असलेल्या वर्षी हक्काचा हा युक्तिवाद थंडावतो. खाली कोणी तहानलेले नाही, मग नळीला हरकत कशाची? मनुस्मृतीची कसोटी तेव्हाही मळापुरतेच पाणी मागते, पण जास्त घेतले तर दोष लावीत नाही. इस्लामी आणि जैन भूमिका मात्र भरल्या धरणाकाठीही तशाच उभ्या राहतात.