लंकायात्रेला निघण्यापूर्वी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रीलंकेच्या यात्रेची तयारी सुरू झाली आणि आम्हा सेवेकऱ्यांकडे जपसंख्येपेक्षा 'तिथे नीलम स्वस्त मिळतो का हो?' हाच प्रश्न जास्त येतो आहे. विचारण्यात गैर काही नाही. रत्नपुरा तिथलंच, आणि तिथला नीलम जगात नावाजलेला. पण कँडीहून नुवारा एलियाजवळच्या सीतामंदिराकडे जाताना खड्यांची दुकानं लागतात, गाडी थांबते, आग्रहाने चहा येतो. तेव्हा मनाचं काय होतं, ते आजच पाहून ठेवू या.

हौसेने खडा घेणं वेगळं आणि भीतीने घेणं वेगळं. मुलीचं लग्न लांबलंय, मुलाच्या नोकरीचं जमत नाही, त्यात साडेसाती. असं कुणी सांगितलं की आई पाटल्या मोडायला तयार होते. तिथे दुकानदाराला फार बोलावंच लागत नाही, आपली काळजीच त्याची दलाली करते. सीतामाईला याच लंकेत धीर दिला तो एका अंगठीनेच. पण तिने तिचं वजन नाही पाहिलं, ती कुणाची आहे ते पाहिलं.

आणखी एक गंमत. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा, पुष्कराज गुरूचा. सूर्य-शनी बापलेकांचं पटत नाही म्हणून माणिक-नीलम एकत्र घालू नये, असंही सांगतात. खनिज म्हणून पाहिलं तर तिन्ही एकच, कुरुंद! क्रोमियमचा अंश मिसळला की लाल, लोह-टायटॅनियमचा मिसळला की निळा, नुसत्या लोहाने पिवळा. उपाधीमुळे भेद दिसतो हे प्रवचनात ऐकताना आपण सगळे माना डोलावतो, दुकानात मात्र विसरतो. (आणि ज्यांना सद्गुरू लाभले, त्यांनी गुरुबळासाठी पुष्कराज शोधावा, हे आम्हाला तरी थोडं नवलच वाटतं.)

हौस म्हणून घ्यायचाच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग खुलवलेले असतात. ती फसवणूक नव्हे, पण न तापवलेल्याची किंमत फार जास्त असते, म्हणून विचारलंच पाहिजे. कृत्रिम नीलमही शंभर वर्षांपासून मिळतो आणि तोही तितकाच कठीण; काचेवर ओरखडा काढून दाखवला म्हणून खडा अस्सल ठरत नाही. प्रयोगशाळेचा दाखला आणि पक्की पावती मागा. देत नसतील तर चहाचे आभार मानून उठा.

चिनी मातीची भांडीही तिथे सुरेख मिळतात, मातलेला तर नोरिताकेचा कारखानाच आहे. भगिनींनी एवढं लक्षात ठेवावं, 'बोन चायना' म्हणतात त्यात खरोखर जनावरांच्या हाडांची राख असते. साध्या पोर्सिलेनमध्ये ती नसते. नैवेद्यासाठी वाट्या घेणार असाल तर विचारूनच घ्या.

परतताना कस्टममध्ये 'हे जुनंच आहे' म्हणा, असा सल्ला देणारे भेटतील. यात्रेहून खोटं बोलून आणलेली वस्तू देव्हाऱ्यासमोर कशी ठेवायची? घेतलं ते दाखवावं, कर बसला तर भरावा. अंगावर घरचे दागिने नेणार असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टमकडे नोंदवून दाखला घ्या. खरं तर मंगळसूत्राखेरीज बाकीचं घरीच राहू दे, बसमध्ये जपाची माळ सांभाळायची की पाटल्या!