वजनकाट्यावर पाप मोजता येते का?



मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात विचारपूस होते, तेव्हा "काय, तब्येत सुधारली!" हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणारा हसतो, ऐकणाराही हसतो. पण त्या हसण्यात एक निवाडा दडलेला असतो: याचा जिभेवर ताबा नाही. समोरचा बचावाला म्हणतो, "आमची अंगकाठीच अशी." यात खरे कोण?

दोघेही अर्धेच खरे. एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना कॅनडातील संशोधकांनी सुमारे १०० दिवसांपैकी ८४ दिवस गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खाऊ घातले. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन सर्वांचेच वाढले, म्हणजे ताटाचा संबंध आहेच. पण कोणाचे ४.३ किलोने वाढले, कोणाचे १३.३ किलोने, आणि एका जोडीतल्या दोघा भावांचे मात्र बरेचसे सारखे. जादा अन्न तेवढेच, शरीराचा हिशोब वेगळा. (चाळिशीनंतर चयापचय मंदावते, ही माझ्या वयाच्या मंडळींची आवडती सबब मात्र टिकत नाही. २०२१ साली ६,४०० हून अधिक लोकांच्या अभ्यासात ते विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर आढळले.)

मग खादाडपणा हे पाप नाही काय? आहे. पण संत थॉमस अक्वायनस यांनी ते पोटात नव्हे, बेलगाम वासनेत पाहिले. संत ग्रेगरींना अनुसरून त्यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, महागडे मागणे, चोचले पुरवणे, अधाशीपणा आणि अति खाणे. वजनाशी थेट संबंध फक्त शेवटच्याचा. आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवणारा सडपातळ माणूस या यादीतून सुटत नाही. संत मत्तयच्या शुभवर्तमानात तर लोकांनी प्रभू येशूलाच खादाड ठरवले आहे.

वजनकाटा पाप तर राहोच, चरबीसुद्धा नीट सांगत नाही. हे आपल्या पुण्यातच दिसले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

याचे मूळ शोधताना संशोधक आईच्या उदरापर्यंत पोहोचले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे स्नायूंनी फारच बारीक, चरबीने मात्र तितकी कमी नाहीत.

जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच नाकारला. म्हणून आता आईला दोषी धरू नये. त्याच गावांत गरोदरपणी पालेभाज्या आणि फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी आढळली. पण ज्या घरात सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते, तिथे तिच्या ताटाचा निर्णय ती एकटी कुठे घेते?

आपल्या धर्मग्रामात कोणाकडे पाळणा हलणार आहे, हे महिला मंडळाला आधी कळते. बाळासाठी प्रार्थना करायला त्या घरी जाल, तेव्हा सून किती वाजता जेवते आणि तिच्या वाट्याला मेथी-पालक येते का, हेही सासूबाईंना विचारून या.