पुरावा कोणी द्यावा?

आजारी माणसाने आधी आपली गरिबी सिद्ध करावी, ही अपेक्षा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही नैतिक प्रश्न दडला असेल, अशी शंकाही आपल्याला येत नाही.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २१ नोव्हेंबर २०१३ रोजी राज्यभर लागू झाली आणि नागपूर जिल्ह्याबरोबर आपले उमरेडही तिच्या छत्राखाली आले. निकष दिसायला सोपा : पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका. केशरी म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. पण रोजाने कामाला जाणाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न मोजायचे कोणी? शिवाय रुग्णाचे नाव पत्रिकेत हवे. नव्या सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झाल्याचा दाखला आणल्यावाचून सासरच्या पत्रिकेत चढत नाही. मधल्या काळात ती कोणाच्याच घरची नसते.

नियम असू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. पैसा सर्वांचा आहे. आरंभीच्या ख्रिस्तसभेतही विधवांची यादी होती व तिला साठ वर्षे वयाची अट होती, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून दिसते. परंतु त्याआधी यरुशलेमेत, रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवा वगळल्या जातात अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी त्या विधवांकडे पुरावा मागितला नाही. त्यांनी सात माणसे नेमून वाटपाची व्यवस्थाच बदलली.

कोणत्याही चाळणीत दोन चुका संभवतात : अपात्राला मिळणे आणि पात्राला न मिळणे. पहिली लेखापरीक्षणात सापडते. दुसरीचा कागदच नसतो, कारण तो माणूस खिडकीवरून मुकाट्याने परत गेलेला असतो. साहजिकच कारकून पहिल्या चुकीला भितो. वास्तविक, चुकून दिलेला पैसा वसूल करता येतो. उपचारावाचून गेलेला माणूस परत आणता येत नाही.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना, जी आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते, पांढऱ्या पत्रिकाधारकांनाही खुली केली व दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेली. श्रीमंतालाही मिळणार म्हणून काहींनी नाके मुरडली. आम्हाला तो खर्च परवडणारा वाटतो. गरिबीचा पुरावा संपला, ओळखीचा मात्र उरला. आणि आपल्या घरांतून तर बाप्तिस्म्याचे नाव एका कागदावर व हाकेचे दुसऱ्यावर! तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागाहून घेण्याची सोय योजनेत आहे. तोच क्रम इतरांनाही लावावा आणि नावातील अक्षराचा खुलासा रुग्ण खाटेवर असताना करू द्यावा.